काम तेच, हुद्दा वेगळा

शुक्रवार, २४ ऑक्टोबर १९७५. सकाळचे सव्वानऊ. बोरीबंदरच्या लोंढ्यातून तुम्ही बाहेर पडता आणि गोदीच्या बाजूला वळता. पर्समध्ये मोबाइल चाचपू नका, तो इथे यायला अजून वीस वर्षं आहेत. पर्समध्ये आहे ती लघुलेखनाची वही, टोक केलेल्या तीन पेन्सिली, लोकलचा पास आणि पोळीभाजीचा डबा. आणीबाणी लागून उद्या चार महिने होतील. लेडीज डब्यात गाडी वेळेवर आल्याचं कौतुक मोठ्याने चाललं होतं. बाकीचं सगळं हळू आवाजात.

या प्रवासात तुम्ही स्टेनो आहात आणि बाई आहात. वाचणारा पुरुष असला तरी आजच्यापुरतं याच खुर्चीत बसायचं. दुसऱ्या खुर्चीवरून पगाराचं पाकीट नीट दिसत नाही.

बॅलार्ड इस्टेट. पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून मिळवलेली जमीन आणि तिच्यावर जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या शिस्तशीर दगडी इमारती. जहाज कंपन्या, त्यांचे एजंट, विमावाले, क्लिअरिंगवाले. तुमचं ऑफिस जहाज एजंटांचं आहे. त्याला नाव नाही, कारण ते मी रचलंय. पुढे येणारा खटला मात्र खरा आहे, आणि तो याच मोहल्ल्यात शोभेल असा आहे.

लोखंडी जाळीच्या लिफ्टमधून दुसऱ्या मजल्यावर या. डावीकडे मोठा हॉल. पंखे, टेबलं, फायलींचे गठ्ठे, आणि एका रांगेत चार टाइपरायटर. तिथे पुरुष स्टेनो बसतात. तुमची जागा तिथे नाही. तुम्ही हॉल ओलांडून साहेबांच्या केबिनबाहेरच्या छोट्या खोलीत बसायचं, जिथे फुलदाणी आहे, दोन टेलिफोन आहेत आणि कुलूपबंद कपाट आहे.

साडेनऊला बेल वाजते. आत जा आणि वही उघडा. पिटमनची लिपी तुमच्या बोटांत आहे: पातळ तिरकी रेघ म्हणजे प, तीच जाड ओढली की ब. साहेब खिडकीबाहेर बघत बोलतात आणि थांबत नाहीत. डेमरेजचा वाद, चार्टर पार्टीतलं एक कलम, लंडनला जाणारं पत्र, मग मध्येच एका अधिकाऱ्याच्या बदलीचा मजकूर, जो त्या अधिकाऱ्याला अजून माहीत नाही. बाहेर येऊन टाइप करायचं. एक मूळ प्रत आणि चार कार्बन. एक अक्षर चुकलं की पाचही कागदांवर गोल रबराने खोडायचं, कार्बनचा डाग पुसायचा, रोलर अर्धी रेघ मागे घ्यायचा आणि अक्षर नेमकं जागेवर बसवायचं. अकरापर्यंत मान भरून येते.

हॉलमधल्या माणसाची वही कधी नजरेखालून घाला. तीच लिपी, तोच वेग, तेच डेमरेज. फरक इतकाच की तो खात्याच्या मॅनेजरचं डिक्टेशन घेतो आणि तुम्ही त्या मॅनेजरच्या साहेबाचं. शिवाय गुपितं तुमच्याकडे. कुणाची बढती अडलीय, कोणती शाखा बंद होणार, हे सगळं कुलूपबंद कपाटात आणि तुमच्या डोक्यात.

म्हणून तुमचा पगार जास्त असणार, असं एखाद्या परग्रहावरच्या माणसाला वाटेल.

नेमणुकीचं पत्र काढा. त्यावर हुद्दा आहे ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. हॉलमधल्याचा हुद्दा नुसता ‘स्टेनोग्राफर’. दोन हुद्दे, म्हणून दोन श्रेणी. मूळ पगार वेगळा, म्हणून महागाईभत्ता वेगळा, म्हणून भविष्य निर्वाह निधीत जाणारा हप्ताही वेगळा. एकदा सुरुवातीला पाडलेली चीर दरमहा खाली खाली जात राहते, थेट निवृत्तीपर्यंत.

दुपारी डबा खाताना हॉलमधला तो भला माणूस (आणि तो खरंच भला आहे, तुमचा रिबन अडकला की धावत येतो) म्हणतो, “मिस, मनावर घेऊ नका. तुमचा पगार म्हणजे वरखर्च. आम्हाला घर चालवायचं असतं.” शेजारच्या कंपनीतली तुमची मैत्रीण पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारते, “आणि माझी आई, दोन भाऊ, खोलीचं भाडं, हे कोण चालवतं? तुम्ही?” तो ओशाळतो. पण विषय लगेच बोनसवर जातो, कारण दिवाळी दहा दिवसांवर आलीय आणि सरकारने अध्यादेश काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणलाय. हॉल खदखदतोय. उघडपणे कुणी काही बोलत नाही, पण चेहरे बघा.

बोनसचा अध्यादेश निघाला त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला, आणखी एक अध्यादेश निघाला होता: स्त्री आणि पुरुष यांना समान मोबदला. त्याबद्दल हॉलमध्ये चकार शब्द नाही. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष चालू आहे, संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं. वर्षाच्या सुरुवातीलाच डॉ. फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा अहवाल सरकारला मिळालाय आणि तो वाचून दिल्लीला फारसं सुखावण्यासारखं काही नाही. तेव्हा काहीतरी करणं भाग होतं. एका हाताने बोनस कापला आणि दुसऱ्या हाताने बायकांना समान पगार दिला. संसद जवळपास मुकी असताना मिळालेली ही देणगी आहे, हे विसरू नका. पण कायदा कोणत्या मुहूर्तावर जन्मला यावरून तो टाकून देता येत नाही. पुढच्या वर्षी संसदेने त्याचा रीतसर कायदा केला: समान मोबदला अधिनियम, १९७६.

योगायोग सांगण्यासारखा आहे. तुम्ही इथे पोळीभाजी खाताय त्याच शुक्रवारी आइसलँडमधल्या बहुसंख्य बायकांनी ऑफिसला, कारखान्याला आणि घरकामालाही सुट्टी दिलीय. रेक्याविकच्या चौकात त्या हजारोंनी जमतील. बापे पोरांना घेऊन कामावर गेलेत. पुढच्या वर्षी तिथेही समानतेचा कायदा होईल. बॅलार्ड इस्टेटमध्ये ही बातमी कुणाला कळलेली नाही, आणि कळली असती तरी आज इथे चौकात जमायला बंदी आहे.

कायदा आहे जेमतेम अठरा कलमांचा. तो हातात घ्या आणि पहिल्यांदा व्याख्या वाचा, कारण सगळी मेख तिथे आहे. ‘तेच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम’ म्हणजे ज्याला लागणारं कौशल्य, श्रम आणि जबाबदारी सारखी आहे, आणि परिस्थितीही सारखी आहे. थोडा फरक असेल तर तो नोकरीच्या अटींच्या दृष्टीने महत्त्वाचा नसावा. चौथं कलम म्हणतं, अशा कामाला बाईला कमी देता येणार नाही. आणि मालकाची हुशारी ओळखून पुढे म्हणतं, बरोबरी साधण्यासाठी कुणाचा पगार खालीही आणता येणार नाही. पाचवं म्हणतं, नोकरीवर घेतानाही भेद नको.

हे पाचवं कलम मुंबईत वाचलं की गिरणगाव आठवतो. एके काळी रीळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायकाच बायका असायच्या. यंत्रं बदलली, तीन पाळ्या आल्या, बायकांना रात्रपाळीची कायद्याने बंदी, आणि खाती हळूहळू पुरुषांची झाली. बायकांचं रक्षण करणारे नियमच मालकाच्या हाती सबब म्हणून आले. तेव्हा समान पगाराच्या कायद्याची भीती खुद्द बायकांनाही होती: सारखाच द्यायचा तर मग बाई कशाला घ्या?

क्षणभर मागे जायचं का? १९४४ चा फेब्रुवारी, दिल्ली, मध्यवर्ती विधिमंडळ. मजूरमंत्र्यांच्या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत आणि त्यांच्यावर सरबत्ती चाललीय. महायुद्धाला कोळसा कमी पडतोय म्हणून सरकारने बायकांना पुन्हा खाणीच्या पोटात काम करायला परवानगी दिलीय. टीका योग्यच आहे, आणि त्यांनाही हा निर्णय सुखाचा नाही हे बोलण्यातून कळतं. पण त्या अवघड बाजूने उभं राहूनही ते एक मुद्दा सभागृहाच्या पुढ्यात ठेवतात: या खाणींत बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि माझ्या माहितीप्रमाणे एखाद्या उद्योगात हे तत्त्व पहिल्यांदाच मान्य होतंय. युद्ध संपल्यावर बायकांवरची बंदी परत आली. सगळ्यात आधी बरोबरी मिळाली ती जिथे बाईने असूच नये असं सगळ्यांचं मत होतं, त्या जागी.

राज्यघटनेत ते तत्त्व ३९ व्या अनुच्छेदात आलं, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे सरकारने लक्षात ठेवायचं, पण नागरिकाने ते घेऊन कोर्टात जायचं नाही. १९५८ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान मोबदल्याचा करार मान्य केला. त्यानंतर सतरा वर्षं सगळं सामसूम. चला, परत.

जून १९७७. आणीबाणी गेलीय, दिल्लीत सरकार बदललंय, लोकल पुन्हा उशिरा येतेय. तुम्ही अजून त्याच खोलीत आहात, पण आता कान शेजारच्या इमारतींकडे ठेवा. मॅकिनन मॅकेन्झी ही जुनी जहाज एजन्सी. कलकत्त्यात १८४७ मध्ये सुरू झालेली, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटींशी पिढ्यान् पिढ्या बांधलेली. तिथल्या एक कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर, ऑड्री डिकॉस्टा, यांची नोकरी १३ जूनला संपते. आणि त्या नव्या कायद्याच्या सातव्या कलमाखाली अर्ज करतात: मी होते तोवर मला पुरुष स्टेनोंपेक्षा कमी दिलंत, फरक द्या.

लक्षात घ्या, नोकरी असताना हा अर्ज करणं किती कठीण होतं. ज्या साहेबांच्या दाराबाहेर बसायचं, त्यांच्याच विरुद्धचा कागद कुठल्या टाइपरायटरवर टाइप करायचा?

अर्जाची सुनावणी कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे होते. मागच्या बाकावर बसा आणि ऐका. कंपनी म्हणते, या बायका वेगळ्या वर्गातल्या. त्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडलेल्या, विश्वासाच्या जागेवर. पुरुष स्टेनोंचं काम निराळं. आणि महत्त्वाचं म्हणजे पगाराच्या श्रेणी आम्ही मनाने ठरवल्या नाहीत, १९७५ मध्ये युनियनशी झालेल्या करारात त्या ठरल्यात.

या शेवटच्या वाक्याला तुम्ही बाकावर चुळबुळ करता, आणि करावीच. करारावर एका बाजूला मॅनेजमेंटची सही आहे आणि दुसऱ्या बाजूला कामगारांचीच. बोनससाठी खदखदणारा तो हॉल आठवा. तिथे कुणी दुष्ट नव्हतं. लेडी स्टेनोंची श्रेणी वेगळी असते हे त्यांना पाऊस वरून पडतो तितकं स्वाभाविक वाटत होतं.

अधिकारी निकाल देतो. काम एकाच प्रकारचं आहे, हे तो मान्य करतो. आणि तरी अर्ज फेटाळतो, कारण करार झालेला आहे.

मला या खटल्यातला सगळ्यात बोलका क्षण हाच वाटतो. काम सारखं आहे हे सरकारी अधिकाऱ्याला दिसलं. कायदा त्याच्या टेबलावर होता. पण सही झालेला कागद त्याला कायद्याहून वजनदार वाटला. अशा वेळी माणसं घरी जातात. डिकॉस्टा अपिलात गेल्या. कामगार उपायुक्तांनी निर्णय फिरवला: २६ ऑक्टोबर १९७५ ते ३१ मे १९७७ या काळातला मूळ पगाराचा आणि महागाईभत्त्याचा फरक ७,१९६ रुपये ६७ पैसे, तो द्या. ढोबळ भागाकार करून बघा, महिन्याला पावणेचारशेच्या आसपास येतात. ‘वरखर्चा’तला हा फरक.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एका न्यायमूर्तींपुढे हरली, मग खंडपीठापुढे हरली, मग दिल्लीला गेली. सात हजार रुपयांसाठी इतके वकील का लावले असतील, असं मनात आलं असेल तर आकडा एका बाईचा धरू नका. त्या हुद्द्यावरच्या सगळ्या बायकांचा धरा, आणि शेजारच्या सगळ्या इमारतींतल्या.

तोवर मध्ये एक उतारा आहे, आणि तिथे थांबायलाच हवं. ऑगस्ट १९८१, सर्वोच्च न्यायालय. एअर इंडियाच्या हवाई सुंदरी आल्यात. विमानात त्यांच्याच शेजारी तोच ट्रे घेऊन पुरुष कर्मचारी चालतो. तो ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. हिला ३५ व्या वर्षी उतरवतात, फार तर मॅनेजिंग डायरेक्टरच्या मर्जीने वाढवून मिळतं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली. पहिल्यांदा दिवस गेले तर नोकरी गेली.

निकाल अर्धा डोळे उघडणारा आहे आणि अर्धा मिटणारा. गरोदरपणावर नोकरी घालवण्याची अट न्यायालयाने कडक शब्दांत रद्द केली. मॅनेजिंग डायरेक्टरची अनिर्बंध मर्जीही रद्द केली. पण चार वर्षं लग्न नाही ही अट ठेवली, पुरुषांपेक्षा लवकरची निवृत्तीही ठेवली. आणि समान मोबदल्याचा कायदा? त्याचं सोळावं कलम काढा. सरकारला वाटलं की पगारातल्या फरकाचं कारण लिंग नसून दुसरंच काही आहे, तर सरकार तसं जाहीर करू शकतं, आणि मग तक्रार मिटली. १५ जून १९७९ रोजी सरकारने हवाई कर्मचाऱ्यांबद्दल तसं जाहीर करून टाकलेलं होतं. भरती वेगळी, बढतीची शिडी वेगळी, सेवाशर्ती वेगळ्या, म्हणून वर्ग वेगळा. आणि वर्ग वेगळा म्हणून तुलना नाही.

शांतपणे विचार केला तर दिसेल की भरती वेगळी ठेवली कंपनीने, शिडी वेगळी बांधली कंपनीने, आणि तेच वेगळेपण पुराव्यादाखल दाखवलं तेही कंपनीनेच. हे सहा वर्षांनी त्याच न्यायालयाला दिसलं. पण १९८१ मध्ये त्या बाकांवर बसलेल्या बायका पायऱ्या उतरताना एकमेकींशी काय बोलल्या असतील, ते तुम्ही ऐका. मी लिहीत नाही.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, दिल्ली पोलिसांतल्या एका ड्रायव्हर शिपायाच्या, रणधीर सिंगच्या, खटल्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी म्हणाले की समान कामाला समान वेतन हे हवेतलं तत्त्व नाही, ते घटनेचं उद्दिष्ट आहे. दार उघडलं ते एका पुरुषाच्या अर्जावर. गंमत आहे, पण तक्रार नको. दार उघडलं हे खरं.

२६ मार्च १९८७. न्या. ई. एस. वेंकटरामय्या निकाल वाचताहेत. कंपनीच्या वकिलांनी शेवटी ठेवणीतला मुद्दा काढला होता: कंपनीची स्थिती नाजूक आहे, सगळ्यांना सारखा पगार देणं झेपणार नाही. न्यायालयाचं उत्तर थोडक्यात असं की कायदा लागू होणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. एकाच कामाला सगळ्यांना सारखं देणं परवडत नाही म्हणून त्यातल्या काहींना कमी द्यायचं, हे या कायद्यात बसत नाही. कराराचा मुद्दा? कायद्याविरुद्धचा करार ही सबब होऊ शकत नाही, मग सही कुणाचीही असो.

पण निकालाचा गाभा वेगळा आहे आणि तो सावकाश ऐका. काम सारखं आहे का हे बघताना व्यापक नजर ठेवा, बारीकसारीक फरकांवर बाईचा हक्क बुडवू नका. कागदावर कोण काय करू शकलं असतं ते बघू नका. प्रत्यक्षात कोण काय करतं ते बघा. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दारात फक्त बायकाच स्टेनो आहेत, पुरुष एकही नाही, म्हणून तो वर्ग वेगळा असं कंपनी म्हणते. पण तिथे फक्त बायका आहेत त्या मॅनेजमेंटला तिथे बायकाच हव्यात म्हणून. बाई असल्यामुळे ती त्या कामाला विशेष लायक ठरत नाही आणि पुरुष स्टेनोच्या कामाला नालायकही ठरत नाही.

फुलदाणीची खोली बांधली कुणी, असा तो प्रश्न होता. कायद्याला तुलनेसाठी एक पुरुष लागतो. ज्याच्या हातात खोल्या पाडणं आहे, तो तुलनेचा पुरुष नजरेआड करू शकतो. भिंत मालकाने घातली असेल तर तिच्या पलीकडे बघण्याचा अधिकार कोर्टाला आहे, एवढं त्या दिवशी ठरलं. नोकरी संपल्याला दहा वर्षं होत आली होती.

आता शहर सोडा. साल तेच धरा, मार्च १९८७, आणि सोलापूर-बीडच्या अंगाला कुठेतरी पाझर तलावाच्या कामावर उतरा. रोजगार हमी. वि. स. पागे यांनी जिचा पाठपुरावा केला, १९७२ च्या दुष्काळात जिची गरज सगळ्या महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिली, ती योजना. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. इथे मजुरी मोजमापावर. टेप लावतात, किती माती निघाली ते बघतात, टिकाव कुणाचा नि पाटी कुणाची ते विचारत नाहीत. दर बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा असं इथे नाही. मजुरी उशिरा मिळते, मस्टरवर खोटी नावं चढतात, मोजणीत मारतात, ते सगळं आहे. पण दर एक. म्हणून तर इथे इतक्या बायका दिसतात.

बांधापलीकडच्या शेतात बघा. तिथे खुरपणीला बायका आहेत आणि औतावर पुरुष. पुरुषाची हजेरी जास्त, बाईची कमी. शेतकऱ्याला विचारा, तो सरळपणे सांगेल, “काम येगळं हाय की.” आणि खुरपणीला पुरुष का नाही? “बापईगडी खुरपं धरतोय व्हय?” बॅलार्ड इस्टेटच्या वकिलाने हेच म्हणायला बरेच कागद खर्च केले होते. दिल्लीत लागलेला निकाल या बांधावर पोचवायचा कुणी? वर्षभर काम करून संपल्यावर अर्ज करायला इथे नेमणुकीचं पत्रच नाही.

आणखी पश्चिमेला चला, उसाच्या फडात. साखर कारखान्याचा हंगाम संपत आलाय. बीडकडची टोळी दिवाळीनंतर आलेली, कोप्या फडाच्या कडेला. पहाटे अंधारात दोघं फडात शिरतात. तो बुडख्याशी कोयता घालतो, ती पण घालते. ती पाचट सोलते, वाढं छाटते, मोळी बांधते, आणि ट्रक आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढते. कोपीवरचं रांधणं, पाणी, पोरं हे त्याच्या आधी आणि नंतर. तुमच्या पर्समध्ये अठरा कलमांचा कायदा आहे. काढा आणि लावून बघा. तेच काम? हो. तेच कौशल्य, श्रम, परिस्थिती? हो. मग हिला याच्यापेक्षा कमी मिळतं का?

इथे कायदा अडखळतो. हिला कमी मिळत नाही. हिला वेगळं काही मिळतच नाही. उचल दोघांच्या कामावर दिलेली, टनाचा दर दोघांच्या कामावर लावलेला, आणि दोघांना मिळून हिशेबात एकच नाव. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. एका दिवसाचा खाडा पडला तर तो कोयत्यावर पडतो, मग आजारी कुणीही असो. लेडी स्टेनोला निदान स्वतःचं पाकीट होतं. त्याच्यावर कमी आकडा असला तरी तो तिचा होता, म्हणून शेजारच्या आकड्यावरून वजा करता आला.

२०१९ मध्ये संसदेने वेतन संहिता मंजूर केली आणि १९७६ चा कायदा तिच्यात विरघळला. समान वेतनाची तरतूद राहिली. तेच काम कशाला म्हणायचं याची व्याख्याही जवळपास तशीच राहिली. त्याच वर्षी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्या चर्चेत पुन्हा पुन्हा ऐकू आलेलं कारण होतं.

फडात अजून थोडा वेळ आहे. मुकादम वही घेऊन कोपीपुढे बसलाय. एकेका कोयत्याचे टन, त्यातून उचल वजा, खाडे वजा. नवरा उकिडवा बसून ऐकतोय. बायको चुलीशी आहे, पण कान इकडेच. तुम्ही मुकादमाला विचारता, “यात ताईंचे किती?”

“ताईचे म्हंजे? कोयत्याचे हायेत.”

“आणि उद्या एखादी बाई एकटीच आली, नवरा नाही तिला, तर अर्ध्या कोयत्याचा दर तिला किती देता? गड्याइतकाच?”

मुकादम पेन्सिल कानावर ठेवतो. “दराचं सोडा, मॅडम. एकटी बाई आम्ही घेतच नाय. भाऊ नाय तर पोरगा, कोन तरी जोडीला आन म्हन्तो.”